आधी कागद जुळवा, मग बायोडेटा लिहा

प्रश्न : मी एकतीस वर्षांची असून मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका २०१५ मध्ये झाले, दोन वर्षे सांगलीच्या एका नर्सिंग होममध्ये काम केले, मग पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग ही पदविकेनंतरची पदवी पूर्ण केली. मध्यंतरी बाळंतपणामुळे सव्वा वर्ष घरी होते. इंग्लंड किंवा जर्मनीला जाण्याची इच्छा आहे. जर्मन भाषेच्या पातळ्यांपैकी ए २ ची परीक्षा उत्तीर्ण झाले असून त्यावरच्या बी १ चा वर्ग चालू आहे. एका एजंटाने पैसे घेऊन चार पानांचा बायोडेटा करून दिला. त्यात घरी असल्याचा काळ झाकण्यासाठी लग्नाआधीच्या नोकरीच्या तारखा पुढे ओढल्या आहेत, आणि कधी न केलेले डायलिसिस व नवजात अतिदक्षता विभागाचे कामही घातले आहे. ‘सगळेच असे करतात,’ असे तो म्हणतो. हाच बायोडेटा दोन्ही देशांत पाठवते, पण उत्तर येत नाही. माझी प्रमाणपत्रे माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा आहे. फोटो लावावा का, वडिलांचे आणि पतीचे नाव द्यावे का, आणि रिकामा काळ कसा दाखवावा, हे कृपया सांगावे.
— एक परिचारिका, मिरज

उत्तर :

सप्रेम नमस्कार. पत्रासोबत पाठवलेला बायोडेटा वाचला. तुमचे खरे काम त्यात जेमतेम चार ओळींत आटोपले आहे आणि उरलेली पाने वडिलांचे नाव, धर्म, छंद, पासपोर्ट क्रमांक, ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ अशी वाक्ये आणि न केलेल्या कामांची यादी यांनी भरली आहेत. फोटो आणि नावांच्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी त्या यादीचा आणि ओढलेल्या तारखांचा विचार करणे भाग आहे, कारण हा बायोडेटा तसाच जात राहिला तर उत्तर न येणे हेच त्यातल्या त्यात बरे म्हणावे लागेल.

परिचारिकेचा परदेशी जाणारा बायोडेटा इतर नोकऱ्यांच्या बायोडेटासारखा केवळ मुलाखतीपर्यंत पोहोचवून थांबत नाही. त्यातील प्रत्येक ओळ पुढे कोणत्या ना कोणत्या कार्यालयात मूळ कागदाशी ताडून पाहिली जाते. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल तुमच्या शिक्षणाची खातरजमा महाविद्यालयाकडून आणि नोंदणीची खातरजमा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून करून घेते. नोकरी देणारे एनएचएस, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे रुग्णालय किमान मागील तीन वर्षांचा नोकरीचा इतिहास तपासते आणि त्यातील रिकाम्या काळाचे कारण विचारते. जर्मनीत ज्या राज्यात नोकरी मिळेल त्या राज्याचे मान्यता कार्यालय तुमच्या बायोडेटाची सांगड गुणपत्रिका, नोंदणीपत्र आणि अनुभवपत्रांशी घालते. आखाती देशांचा विचार पुढे कधी केलात, तर तेथे डेटाफ्लो नावाची यंत्रणा महाविद्यालय, कौन्सिल आणि जुने रुग्णालय या प्रत्येकाला थेट विचारून खात्री करते. सांगलीच्या त्या नर्सिंग होमला ‘या बाई तुमच्याकडे अमुक महिन्यापर्यंत होत्या का’ असे पत्र गेले, तर तेथील कारकून हजेरीपट पाहून खरी तारीख कळवील आणि एजंटाचा त्याच्याशी काही संबंध नसेल. शिवाय लांबवलेला तो काळ थेट तुमच्या पोस्ट बेसिकच्या पूर्णवेळ शिक्षणावर चढतो, हे एजंटाच्या लक्षातही आलेले दिसत नाही. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात फसवणूक आढळल्यास पुढील दहा वर्षे अर्ज नाकारले जाऊ शकतात, आणि सही तुमची असल्यामुळे ‘एजंटाने लिहिले’ हा बचाव तेथे चालत नाही.

‘सगळेच असे करतात’ हे खरे असेल किंवा नसेल, पण ज्या विभागात तुम्ही कधी पाऊल ठेवले नाही त्याबद्दल मुलाखतीत विचारले जाणारच आहे. नवजात बालकाच्या औषधाच्या मात्रेचे गणित अतिदक्षतेच्या अनुभवी परिचारिकेलाही ऐन वेळी जमेलच असे नाही, आणि तेवढ्या एका प्रश्नाने तुमच्या खऱ्या अनुभवावरचाही विश्वास उडतो. तेव्हा तो बायोडेटा बाजूला ठेवा आणि ज्या ठिकाणी तो गेला आहे, त्यांपैकी कोणी उलट विचारणा केली तर दुरुस्त प्रत पाठवून ‘आधीच्या प्रतीतील तारखांत चुका होत्या, ही प्रत ग्राह्य धरावी’ असे स्वतःहून कळवा.

रिकाम्या काळाची भीती आपल्याकडे विनाकारण पसरवलेली आहे. महिना आणि वर्ष देऊन ‘कौटुंबिक जबाबदारी व बालसंगोपन’ अशी एक ओळ लिहिली की विषय संपतो. जर्मनीत तर बालसंगोपनासाठी काही काळ घरी राहणे इतके सर्वमान्य आहे की ती ओळ वाचून कोणी थबकणार नाही. मात्र ती ओळ नसेल आणि दोन नोकऱ्यांच्या मध्ये सव्वा वर्ष नुसतेच मोकळे दिसत असेल, तर तोच वाचक नक्की थबकेल. त्या काळात नर्सिंग कौन्सिलच्या नूतनीकरणासाठी लागणाऱ्या एखाद्या निरंतर शिक्षणाच्या कार्यशाळेला हजर राहिला असाल, किंवा जर्मन शिकायला सुरुवात केली असेल, तर तेही त्याच ओळीखाली लिहा. नसेल तर काही जोडू नका.

नावाचा प्रश्न मात्र तुम्ही समजता त्यापेक्षा गंभीर आहे, आणि महाराष्ट्रातील विवाहित परिचारिकांची प्रकरणे वारंवार येथेच अडकतात. आपल्याकडे लग्नानंतर केवळ आडनाव बदलत नाही, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, काही घरांत पहिले नावही बदलते, आणि परदेशातील कार्यालयाला हा सारा प्रकार दोन वेगवेगळ्या व्यक्तींची कागदपत्रे एकत्र आल्यासारखा दिसतो. बायोडेटाच्या शिरोभागी पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच स्पेलिंगसह, नाव लिहा. त्याखाली ‘पूर्वीचे नाव’ म्हणून प्रमाणपत्रांवरील पूर्ण नाव द्या. या दोन नावांना जोडणारा पुरावा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि नाव पुरते बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धी. पण तेवढ्यावर थांबू नका. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीतही नाव बदलून घ्या, कारण परदेशी कार्यालय कौन्सिलकडे चौकशी करील ती पासपोर्टवरच्या नावाने, आणि त्या नावाची नोंदच नसेल तर उत्तर ‘आढळ होत नाही’ असे जाईल. पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’ या रकान्यात तुमच्या नावाला लागून पतीचेही नाव असेल, तर परदेशात पतीचे नाव हा तुमच्याच नावाचा भाग मानला जाईल. ते ऐकायला विचित्र वाटते, पण त्याने काही बिघडत नाही. पती आणि वडील यांची नावे बायोडेटात वेगळ्या रकान्यात देण्याची मात्र या दोन्ही देशांत गरज नाही.

आता मुख्य भाग, म्हणजे तुमचे काम. एजंटाने लिहिले आहे : ‘अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स म्हणून काम केले, रुग्णांची काळजी घेणे, औषधे देणे, नोंदी ठेवणे.’ ही ओळ मिरजेत चालून जाईल, कारण येथे वाचणाऱ्याला ते रुग्णालय ठाऊक आहे आणि तेथील आयसीयू म्हणजे काय हेही ठाऊक आहे. ब्रिस्टल किंवा स्टुटगार्टमधील नर्सिंग व्यवस्थापकाला यातले काहीच ठाऊक नसते. ते रुग्णालय दहा खाटांचे आहे की पाचशे खाटांचे, आयसीयू हृदयरुग्णांचा आहे की सर्व प्रकारच्या रुग्णांचा, हे त्याला कागदावरूनच कळले पाहिजे. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही ओघात जे लिहिले आहे तेच खरे तर बायोडेटात हवे होते. त्याचा आशय मी मराठीत मांडते, इंग्रजीत तुम्ही उतरवाल : ‘दीडशे खाटांचे बहुविशेष रुग्णालय, बारा खाटांचा वैद्यकीय व शस्त्रक्रियोत्तर रुग्णांचा मिश्र अतिदक्षता विभाग. प्रत्येक पाळीत दोन ते तीन रुग्णांची जबाबदारी, त्यांपैकी बहुधा एक व्हेंटिलेटरवर. नळीतून व श्वासनलिकाछेदातून कफ काढणे, धमनीतील रक्तदाबाचे सतत मापन, रक्तातील वायूंच्या तपासणीसाठी नमुना घेणे, इन्फ्युजन पंपाद्वारे रक्तदाब टिकवणारी औषधे वैद्यकीय आदेशानुसार कमीजास्त करणे, सेंट्रल लाइनची निगा. रात्रपाळीची प्रभारी म्हणून आळीपाळीने जबाबदारी. नव्या परिचारिकांना कामाची ओळख करून देणे.’

या ओळींत एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला समोरची बाई काय करू शकते ते कळते. रुग्णसंख्या लिहिताना संकोच करू नका. ब्रिटनमध्ये व्हेंटिलेटरवरील रुग्णाला सहसा एक स्वतंत्र परिचारिका असते. तुम्ही दोन-तीन रुग्ण सांभाळता हे वाचून तेथील व्यवस्थापक तुमच्याकडे नवलाने पाहील आणि मुलाखतीत ‘मग प्राधान्य कसे ठरवता’ असे विचारील. त्या उत्तराची तयारी ठेवा, तो तुमच्या अनुभवातला सर्वांत बोलका भाग आहे. रुग्णालयाला एनएबीएच मानांकन असेल तर ते लिहा, पण ‘रुग्णालयांचे राष्ट्रीय मानांकन’ असे अर्ध्या ओळीचे स्पष्टीकरण जोडा, कारण परदेशात ही अक्षरे कोणाला ओळखीची नाहीत. हाच नियम जीएनएमला लागू आहे : तीन अक्षरांवर न थांबता जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, किती वर्षांचा अभ्यासक्रम, परीक्षा कोणत्या मंडळाची, हे पूर्ण लिहा. पोस्ट बेसिकपुढे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक असे विद्यापीठाचे नाव येऊ द्या. टक्केवारी आणि ‘फर्स्ट क्लास’ यांना तेथे फारसा अर्थ नाही.

ब्रिटन आणि जर्मनीला एकच प्रत पाठवणे सोडा. ब्रिटनच्या प्रतीत फोटो नको, जन्मतारीख नको, वैवाहिक स्थिती, धर्म, जात, पासपोर्ट क्रमांक यांतले काहीही नको. भेदभावविरोधी कायद्यामुळे तेथील नोकरी देणाऱ्यांना असे तपशील हाती येणेच अडचणीचे वाटते. शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ ही आपली ठरलेली घोषणाही गाळा. दोन पाने पुरतात, आणि सर्वांत अलीकडची नोकरी सर्वांत वर. आणखी एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत : एनएचएसच्या बहुतेक जागांसाठी बायोडेटा स्वीकारलाच जात नाही, संकेतस्थळावरचा अर्ज भरावा लागतो. प्रत्येक जाहिरातीसोबत ‘पर्सन स्पेसिफिकेशन’ नावाचा तक्ता असतो. त्यात आवश्यक आणि इष्ट अशा पात्रता मांडलेल्या असतात, आणि अर्जातील पूरक माहितीच्या रकान्यात त्यांतील प्रत्येक आवश्यक मुद्द्याला तुमच्या कामातले एक उदाहरण देऊन उत्तर लिहायचे असते. निवड करणारे हा तक्ता समोर ठेवूनच गुण देतात. म्हणून बायोडेटा हा त्या उत्तरांचा कच्चा माल समजून तयार ठेवा.

ब्रिटनच्या प्रतीत नोंदणीची सद्यःस्थिती अगदी वर आली पाहिजे. इंग्रजीसाठी ओईटी ही आरोग्यक्षेत्रातील लोकांची भाषापरीक्षा दिली असेल तर ऐकणे, वाचणे व बोलणे यांत बी आणि लेखनात सी प्लस लागते. आयइएलटीएस अकॅडमिक ही इंग्रजीची सर्वसाधारण परीक्षा असेल तर एकूण ७ आणि लेखनात ६.५, बाकी भागांत ७. इंग्रजीची ही परीक्षा आणि ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची, भारतातूनच देता येणारी संगणकीय परीक्षा उत्तीर्ण होण्याआधी पाठवलेले अर्ज बहुधा बाजूला पडतात. तुमच्या पत्रात इंग्रजीच्या परीक्षेचा उल्लेखच नाही, त्यामुळे ब्रिटनकडून उत्तर न येण्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. त्यातही गेल्या एक-दोन वर्षांत एनएचएसने परदेशातून भरती बरीच कमी केली आहे. हे सारे पाहता, आणि ए २ तुम्ही आधीच गाठले असल्यामुळे, तुम्ही सगळी शक्ती जर्मनीकडे वळवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

जर्मन पद्धतीचा बायोडेटा, ज्याला तेथे लेबेन्सलाउफ म्हणतात, तक्त्याच्या स्वरूपाचा असतो : डावीकडे महिना व वर्ष, उजवीकडे तपशील, आणि मध्ये एकही महिना निसटलेला नको. जन्मतारीख व राष्ट्रीयत्व तेथे सहसा देतात. फोटो २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर सक्तीचा राहिलेला नाही, पण रूढ आहे, आणि नर्सिंगमध्ये तो लावलेला बरा. साधा, पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवरचा, स्टुडिओत काढलेला, लग्नाच्या अल्बममधून कापलेला नव्हे. शेवटी ठिकाण, तारीख आणि सही करण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि व्यावसायिक मान्यतेच्या अर्जासोबत सही केलेलीच प्रत द्या. भाषेच्या ओळीत ‘जर्मन : चांगले’ असे न लिहिता ‘ए २ उत्तीर्ण, बी १ चा वर्ग चालू, परीक्षा अमुक महिन्यात’ असे लिहा. पूर्ण मान्यतेसाठी सर्वसाधारणपणे बी २ लागते, आणि मुलाखत जर्मनमध्येच होते, त्यामुळे तेथे वाढवून सांगितलेली पातळी पहिल्या दोन मिनिटांतच उघडी पडते.

जर्मनीच्या बाबतीत बायोडेटाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा कागद म्हणजे महाविद्यालयाकडून मिळणारे अभ्यासक्रमाचे तासवार विवरण. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या नर्सिंग व्यवसाय कायद्यानुसार जर्मन प्रशिक्षणात २,१०० तास अध्यापन आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे असतात. मान्यता कार्यालय तुमच्या जीएनएम व पोस्ट बेसिकचे विषय आणि तास या मोजमापाशी ताडते, जे कमी आढळेल त्याचे लेखी निवेदन देते, आणि ती उणीव पूरक प्रशिक्षणाने किंवा ज्ञानचाचणीने भरून काढायची असते. नंतरचा अनुभवही या हिशेबात विचारात घेतला जाऊ शकतो, आणि तुमच्या बायोडेटातील खरे तपशील पुन्हा कामाला येतात ते येथे. अनुभवपत्रात फक्त ‘आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली होती’ एवढेच असेल तर त्याचा उपयोग शून्य. पद, विभाग, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, कामाचे स्वरूप, आणि सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा व रुग्णालयाचा अधिकृत ईमेल, इतके लेटरहेडवर आलेच पाहिजे. सांगलीच्या नर्सिंग होममध्ये असे पत्र लिहिण्याची रीत नसेल, तर मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. मेट्रन किंवा डॉक्टर सही-शिक्का करायला सहसा नाही म्हणत नाहीत.

एजंटाविषयी थोडक्यात. ब्रिटनच्या कायद्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. जर्मनीत परदेशी परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी सरकारी गुणचिन्ह आहे, आणि ते असलेल्या संस्थांनी भरतीचा खर्च उमेदवारावर टाकायचा नसतो. भारतात एजंट नोंदणीकृत आहे का हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही. तुमच्या एजंटाने ‘नर्सचे जमले नाही तर इंग्लंडला केअर वर्कर म्हणून पाठवतो’ असे म्हटल्याचे तुम्ही लिहिले आहे. २२ जुलै २०२५ पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरती ब्रिटनने बंद केली आहे, त्यामुळे त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार केला आहे, आणि त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. त्याची माहिती एजंटाकडून न घेता शासनाच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

कामाचा क्रम असा ठेवा. कौन्सिलमध्ये नावबदलाचा अर्ज आणि दोन्ही महाविद्यालयांकडे तासवार विवरणाची मागणी या आठवड्यातच करा, कारण या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो आणि तो तुमच्या हातात नसतो. कागद येईपर्यंत बी १ पूर्ण करा आणि जर्मन तक्ता भरा. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने ती सिद्ध करणाऱ्या कागदाचे नाव लिहा, आणि ज्या ओळीसमोर काहीच लिहिता येत नाही ती खोडा किंवा तिचा कागद मिळवा. जर्मन मजकूर तुमच्या वर्गातील शिक्षकांकडून तपासून घ्या. प्रमाणपत्रांचे अनुवाद मात्र ज्यांना मान्यता कार्यालय ग्राह्य धरते अशा शपथबद्ध अनुवादकांकडूनच करावे लागतील, म्हणून ते नावे जुळल्यानंतर एकदाच करा, नाहीतर खर्च दोनदा होईल. आणि सध्याच्या रुग्णालयाचा राजीनामा व्हिसा हाती येईपर्यंत देऊ नका. रुजू होताना तुमची मूळ प्रमाणपत्रे तेथे ठेवून घेतली असतील, तर ती मागण्याचे पत्र राजीनाम्याच्या बरेच आधी, पोच घेऊन, द्या.